सत्काराच्या दिवशी मी बोलले ते

बाई, "हिची मदत हाय मले," असं तुम्ही शेजारच्या काकूंना म्हणाल्या होत्या. सौसरच्या तुमच्या स्वयंपाकघरात मी ओट्याला टेकून गणितं सोडवत बसले होते. काकू विरजण मागायला आल्या आणि मला पाहून म्हणाल्या, "हे तं भांडेवालीची पोरगी होय ना? इथं काऊन बसून राहिली?" तुम्ही मान वर न करता सांगितलं, मले आता बारीक अक्षर दिसत नाही, हे पोरगी रोज पेपर वाचून दाखवते. काकू गेल्या आणि तुम्ही मला पुढचं गणित घातलं. तुमची नजर चांगली होती, बाई. सुईत दोरा तुम्ही एका दमात ओवायच्या. मला फुकट शिकवलं तुम्ही, आणि गल्लीला मात्र मीच तुमच्या उपयोगी पडते असं वाटत राहिलं.

आता मी पांढुर्ण्यात असते. लग्न करून आले, इथल्याच शाळेत शिकवते. आम्ही चौघीजणी रेल्वे लाइनच्या पलीकडच्या वस्तीतल्या मुलांना संध्याकाळी समाजभवनात शिकवतो, फी घेत नाही. त्यात एक मुलगी आहे. आईबरोबर लोकांकडची भांडी घासून, ओले हात ओढणीला पुसत ती वर्गात यायची. यंदा दहावीत ती सगळ्या वस्तीत पहिली आली. आपल्याकडे असं काही झालं की सत्कार होतोच: शाल, नारळ, भाड्याच्या खुर्च्या, माईक. तो मीच ठरवला. वर्गाला पंखे देणारे शेटजी पुढच्या रांगेत होते, त्यांच्या मागे त्या बायका, ज्यांच्या घरी तिची आई काम करते. माईक हातात आला आणि मी बोलत सुटले. तिच्या घरची लाइट कापली आहे हे सांगितलं. बाप पिऊन कुठे पडलेला असतो हेही सांगितलं. मग तिच्या आईला मंचावर बोलावून तिचे दोन्ही हात धरून वर केले आणि म्हटलं, बघा हे हात. लोकांनी डोळे पुसले. शेटजींनी आणखी पंखे कबूल केले. मुलगी शाल पांघरून, छातीशी नारळ धरून उभी होती. खाली बघत होती. मला वाटलं, लाजली असेल.

त्या दिवसापासून ती वर्गात आली नाही. अकरावीच्या प्रवेशाची मुदत संपत आली तशी परवा मी तिच्या घरी गेले. आईनं बसायला पोतं अंथरलं. मी माफीचं काहीतरी बोलू लागले, तर तीच मला समजावू लागली, "तुम्ही कायले वाईट वाटून घेता मॅडम, खोटं थोडीच बोलल्या? फक्त आता कामावर सगळ्या जणी विचारून राहिल्या, नवरा काल आला का, आज आला का. एकीनं जुनी साडी देल्ली. पहिले कधी देत नव्हती."

आतून आवाज आला, "मॅडम, आज माईक नाही आणला का?"

"चूप बस वं!" आई ओरडली. पण मुलगी बाहेर आली. ती रागावलेली नव्हती, तेच मला सहन होईना. म्हणाली, "माह्या आजीनं अन् तुमच्या आईनं सौसरले एकाच गल्लीत भांडे घासले. आमच्या घरी सगळ्यायले माहीत हाय. पांढुर्ण्यात एकाले तरी सांगितलं का आम्ही?"

आईनं पदर तोंडाला लावला. मी विचारलं, "आणि शिकायचं काय?"

"माह्यावर भाषण होईन असं शिकायचं नाही मले."

बाई, ते खरंच आहे. इथं कुणाला माहीत नाही. नवऱ्यालाही मी लग्नाआधी आई पापड लाटायची असं सांगितलं, आणि ते तसंच चालू आहे. येताना वाटेत वाटलं, आता माझंही सगळं माईकवर सांगून टाकावं. मग लक्षात आलं, तसं केलं तरी बोलणारी पुन्हा मीच आणि टाळ्याही मलाच. माझ्या जागी तुम्ही असत्या तर काय केलं असतं, हे विचारायला हा कागद घेतला. पण तुमच्यावर ही वेळच आली नसती.

सोमवारी प्रवेशाचा शेवटचा दिवस. उद्या मी पुन्हा तिच्या दारात जाणार आहे. ती नाहीच म्हणेल, तरी विचारणार आहे: शाळेपर्यंत मी सोबत येऊ का? आत येत नाही, फाटकाबाहेर उभी राहते. कोणी विचारलं, तर या बाईंना मी ओळखत नाही म्हण.