'समाप्त' दिसल्यावर कोणी उठू नये

३ फेब्रुवारी, सकाळ

लाकडी बुटांचा तो आवाज आज पुन्हा ऐकू आला. आमच्या पोर-गवेनच्या चर्चचा हॉल, पडदा पांढराफटक, रीळ यायला उशीर, आणि अंधारात बसलेलं अख्खं गाव फळ्यांच्या जमिनीवर लाकडी बूट आपटतंय. धडाड, धडाड. मी दहा वर्षांचा. मग एकदम शांतता, आणि ओहोटीने उघड्या पडलेल्या वाटेवरून ती बाई चालत आली.

'ओहोटीची वाट'. असा सिनेमा त्याच्याआधी झाला नाही, नंतरही नाही. यात वाद घालण्यासारखं काही नाही. म्हणूनच आज संध्याकाळी वाद घालायला जायचं आहे.

संकल्प: शांत राहायचं. आवाज चढवायचा नाही.

३ फेब्रुवारी, संध्याकाळ

आवाज चढला.

सिनेक्लबला पन्नास वर्षं झाली म्हणून हॉलच्या दर्शनी भिंतीवर जगातल्या सर्वश्रेष्ठ सिनेमाचं नाव रंगवायचं ठरलंय. शेवटच्या फेरीत दोन उरले. एक माझा. दुसरा फांशचा: 'महापौरांची बकरी'. दीड तास एक बकरी नगरपालिकेची कागदपत्रं खाते आणि लोक हसतात. हे म्हणे भिंतीवर लिहायचं.

फांश ल द्रेओ शेजारच्या लांव्हेरचा. आयुष्यभर बंदरावर मासळीचा लिलाव पुकारला, त्यामुळे कुजबुजला तरी चर्चपर्यंत ऐकू जातं. सगळ्यांसमोर म्हणाला, "एर्वे, तुझा सिनेमा बघून बाहेर पडलेला माणूस आधी घरी फोन लावतो, सगळे जिवंत आहेत ना म्हणून." सगळे हसले. आमच्या अध्यक्ष मादाम केर्ब्रा हसल्या ते मला जास्त लागलं. त्या पूर्वी दातांच्या डॉक्टर होत्या. अजूनही बोलताना समोरच्याच्या तोंडात बघतात.

पंधराला बकरी, बावीसला 'ओहोटीची वाट', लगेच चर्चा आणि मतदान. माझ्या सिनेमाच्या सगळ्या प्रती जळाल्या असं इतकी वर्षं सगळे धरून चालले होते. परदेशात एक सापडली, ती धुऊनपुसून पाठवतायत. म्हणजे बावीसला फांशचं तोंड कायमचं बंद.

५ फेब्रुवारी

माझी बायको सोआझिग अजून कँपेरला, बहिणीकडे. हवापालट म्हणून. समुद्राची हवा इथेही आहे, पण असो.

गेल्या महिन्यात तिच्या गायनमंडळाचा कार्यक्रम होता. सत्तरी उलटल्यावर तिला पहिल्यांदा एकटीला गायला दिलं होतं. नेमकी त्याच संध्याकाळी मतदानाचे नियम ठरवायची बैठक. मी गेलो नसतो तर बकरीवाल्यांनी नियम फिरवले असते. हे तिला समजायला हवं होतं. ती घरी आली, बॅग भरली. मग दारात छत्री शोधत बराच वेळ उभी राहिली. छत्री तिच्या हातातच होती. मी खुर्चीतून उठलो नाही.

का उठावं? 'ओहोटीची वाट'मधला नवरा उठतो का? बायको बेटावरून निघून जाते, आगगाडीत बसते, पडद्यावर 'समाप्त' अशी अक्षरं येतात. दुसरा कुठलाही दिग्दर्शक इथेच थांबला असता. या महात्म्याने 'समाप्त'नंतर सिनेमा पुन्हा सुरू केला. ती परत येते. नवरा दिव्याशी पाठमोरा बसलेला, एक शब्द बोलत नाही. ती टेबलावर पाव ठेवते, बसते. दिवा. अंधार. शेवटानंतरचं आयुष्य दाखवायची ही हिंमत जगात दुसऱ्या कोणी केली नाही. मी शोधलं आहे.

फांशला हे उभ्या जन्मात पटलेलं नाही. म्हणतो, "येते ती आधी, अरे. शेवटी जाते ती जातेच." त्याने तो सिनेमा लहानपणी त्याच संध्याकाळी लांव्हेरला पाहिला. दोन गावांत मिळून एकच प्रत. एकेक रीळ आधी त्यांच्याकडे लागायचं, मग मोटरसायकलवरून आमच्याकडे यायचं. म्हणजे आमच्या वाट्याला उष्टं. तरी नीट पाहिलं ते आम्हीच. लांव्हेरची माणसं 'समाप्त' दिसताच सायडर प्यायला उठली असणार. पुढचं बघायला थांबलं कोण?

६ फेब्रुवारी

कॉफीची चांगली किटली ती घेऊन गेली आहे. हे हवापालटात बसतं का?

८ फेब्रुवारी

ठरलं. बावीसचं भाषण पद्यात करायचं. शाळेत मादमुआझेल रियू आम्हाला हात पाठीमागे बांधून कविता म्हणायला लावायच्या, आणि ओल्या कोटांचा वास भरलेल्या त्या वर्गात समुद्र शिरायचा. आजकाल मुलांना एक कविता पाठ येत नाही. मग बकरीच आवडणार.

पहिल्या दोन ओळी झाल्या:

गेली ती ओहोटीला, परतली ती भरतीला,
दिवा ज्याचा विझला नाही, जग वंदे त्या मूर्तीला.

स्वतःच वाचून गहिवरलो. एरवी नवीन काही लिहिलं की सोआझिगला नाश्त्याला ऐकवतो. ती "हं" म्हणते. आज स्वतःच "हं" म्हणून पाहिलं. जमलं नाही.

९ फेब्रुवारी

फोन वाजला. लगेच उचलणं बरं दिसत नाही. थोडा वाजू दिला. थांबला.

तिचाच असणार. पुन्हा करेल.

१० फेब्रुवारी

केला नाही. फोन कंपन्यांचा कारभारच ढिसाळ.

१४ फेब्रुवारी

विजय.

सोआझिग आली. मी बोलावलं नाही, फोन केला नाही, पत्र टाकलं नाही. मी दिव्यापाशी भाषण लिहीत बसलो होतो, दाराकडे पाठ, अगदी त्याच्यासारखा. किल्लीचा आवाज ऐकला. माझं हृदय बोटीच्या इंजिनासारखं धडधडत होतं, पण मान वळवली नाही. एक शब्द बोललो नाही.

तिने सूप गरम करून ठेवलं. खुर्चीवरच्या माझ्या कोटाचं लोंबणारं बटण शिवलं. मग मागे बराच वेळ उभी होती. "एर्वे," म्हणाली, "काय लिहितोस?" मी हात वर केला, म्हणजे ओळ पुरी होऊ दे. ओळ अवघड होती. पुरी झाली तेव्हा ती गेली होती.

टेबलावर घराची किल्ली ठेवून गेली आहे. माझ्याकडे आधीच एक आहे. म्हणजे तिची सांभाळायलाही मीच, एवढा विश्वास. परत आली, हे महत्त्वाचं. आता राहिली ती केवळ औपचारिकता.

सूप कांद्याचं होतं. फार चांगलं होतं.

१५ फेब्रुवारी

बकरी पाहिली. हॉल भरलेला. माणसं हसून हसून डोळे पुसत होती, त्यात बेकरीवाली, जिला मी सुसंस्कृत समजत होतो. बकरी महापौरांचा राजीनामा खाते तेव्हा माझ्याही तोंडून एक आवाज निघाला. तो खोकला होता. फांश दोन रांगा पुढून वळला आणि म्हणाला, "खोकला छान होता, एर्वे. अजून एकदा खोक."

जाताना त्याचा हात हातात घेतला नाही. कोणी पाहिलं असेल तर पाहू दे.

१८ फेब्रुवारी

बेकरीत फांश. मी पाठ फिरवली, तर त्या लिलावाच्या आवाजात म्हणाला, "तुझ्या बायकोने काय गायलं त्या दिवशी. मी सांगतो, बंदरावरचे बाप्ये रडत होते." म्हणजे हा गेला होता. मी पाहिलं नाही ते यानं पाहिलं. म्हटलं, मला तिच्या गाण्याची ओळख नव्याने करून द्यायची गरज नाही, घरात पन्नास वर्षं ऐकतोय. तो म्हणाला, "कधी?"

उत्तर सुचलं ते घरी आल्यावर. उत्तर असं होतं की

आता आठवत नाही. पण चांगलं होतं. संतापाने पाव विसरून आलो. परत जाणार नाही. शिळा खाईन.

२१ फेब्रुवारी

उद्या. भाषण पाठ. शर्ट स्वतः इस्त्री केला, एक बाही जळाली, कोटाखाली दिसणार नाही. उद्याचा निकाल लागला की सोआझिगला कळवायचं. फोन करायचा नाही, कळवायचं. ती येईलच.

२३ फेब्रुवारी, दुपार

काल लिहिलं नाही. आज लिहायचं ठरवलं आहे, तेही रागाने.

मी व्यासपीठावर हात पाठीमागे बांधून उभा राहिलो. दुसऱ्याच ओळीला फांश मागून म्हणाला, "भरतीला कशी परतली? वाट तर पाण्याखाली. पोहत?" हशा. मी थांबलो नाही. आठव्या कडव्याला मादाम केर्ब्रांनी घड्याळ दाखवलं. तेव्हा मी गद्यात एवढंच सांगितलं: "माझी एकच विनंती. पडद्यावर 'समाप्त' दिसलं की कोणीही उठू नये. खरा सिनेमा तिथून सुरू होतो."

सिनेमा लागला. तीच वाट, तेच पाणी. मी दहा वर्षांचा झालो. मग अर्ध्याच्या पुढे, कुठल्याही सूचनेशिवाय, ती परत आली. मला वाटलं प्रत बिघडलेली आहे. नवरा दिव्यापाशी पाठमोरा. तिने पाव ठेवला. ती बसली, वाट बघत राहिली. तो एक शब्द बोलला नाही. इतकी वर्षं मला वाटत होतं की ते दोघं तिथे सुखात बसलेत. ती बसली नव्हती, ओहोटीसाठी थांबली होती. पाणी ओसरलं तशी ती उठली, दारात थबकली, तो उठेल म्हणून. मग वाटेवरून चालत गेली, आगगाडीत बसली.

समाप्त.

पडदा पांढरा झाला. दिवे लागले. आणि कोणी उठलं नाही. मी सांगितलं होतं ना. सगळं गाव कोट मांडीवर घेऊन पांढऱ्या पडद्याकडे बघत बसलं. कोणी खोकलं नाही, बूटसुद्धा वाजला नाही. बऱ्याच वेळाने मादाम केर्ब्रा हळूच म्हणाल्या, "मस्यू एर्वे, पुढे आहे ना?"

मी म्हटलं, थांबा.

थांबले बिचारे.

मतं कोणाला पडली ते मी ऐकलं नाही. भिंतीवर बकरी येणार, हे कळतंच. फांश हसला नाही. त्याने हसायला हवं होतं, त्यासाठी माझ्याकडे उत्तर तयार होतं. कोट घालताना जवळ आला आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात बोलला. लहानपणीच्या त्या रात्री त्याचा काका मोटरसायकलवरून आमच्याकडे रीळ आणत होता. वळणावर चिखलात पडला, रीळ पोटाशी धरून चालत निघाला. मागून शेवटचं रीळ घेऊन डॉक्टरांची गाडी निघाली, अंधारात त्याला मागे टाकून आधी पोचली. "तुमचे लोक बूट आपटत होते म्हणे. मग हातात होतं ते शेवटचंच रीळ लावलं. काका पोचल्यावर राहिलेलं लावलं." मी विचारलं, हे तुला आधीपासून माहीत होतं? तो म्हणाला, "नाही रे. तुझं भाषण ऐकताना डोक्यात आलं. काका पडला ती गोष्ट घरात नेहमी हसून सांगायचे."

जगातला सर्वश्रेष्ठ शेवट एका चिखलाने केला. दिग्दर्शकाला अक्कल नव्हती, हे आता मी लिहून ठेवतो. काकाचा शेवट जास्त चांगला होता.

कोटाचं बटण घट्ट बसलंय. तिने दुहेरी दोरा घातलाय.

२४ फेब्रुवारी, सकाळ

कँपेरला जायचं. ठरलं. आजच. बसने.

२४ फेब्रुवारी, थोड्या वेळाने

आज रविवार. बस नाही. ही वाहतूक व्यवस्था म्हणजे नागरिकांचा अपमान आहे, नगरपालिकेला पत्र लिहिणार. उद्या जाईन. पण उद्या तिच्या बहिणीचा बाजाराचा दिवस, घरी कोणी नसेल. मंगळवारी. आधी भाषणाची एक चांगली प्रत काढून घेतो, रिकाम्या हाताने कसं जायचं. नको, ती कविता नको.

तिला काय म्हणायचं? पाठ असलेल्या सगळ्या कविता मनात म्हणून पाहिल्या. त्यांत लाटा आहेत, शिडं आहेत, पानगळ आहे. "ये" एवढंच म्हणणारी एकही नाही. मादमुआझेल रियूंनी आम्हाला काय शिकवलं कोण जाणे.

दिवसाढवळ्या दिवा लावला आहे. मूर्खपणा आहे. असू दे.

२४ फेब्रुवारी, अकरा

बेल वाजली.

तिने किल्ली इथे ठेवली आहे, म्हणजे बेलच वाजवणार. मी दाराकडे पाठ करून बसलो होतो. या वेळी उठलो. इतक्या घाईत की खुर्ची पडली. दार उघडलं.

फांश. अंगावर चर्चचा कोट, केस पाण्याने चापून बसवलेले, बाहेर त्याची मासळीचा वास मारणारी गाडी चालू. म्हणतो, "बूट घाल. कँपेरला सोडतो. वाटेत सिनेमावर एक शब्द बोलायचा नाही, नाहीतर वळणावर उतरवीन."

मी त्याला आत ये म्हटलं नाही. दोन ओळी लिहून येतो म्हणालो. उंबऱ्यात उभा राहून म्हणतो, "लिही, पण खाली 'समाप्त' लिहू नकोस. तुमच्या गावात ते मध्येच येतं."