नावापुढे गांडूळ असलेल्या फाईली

सोमवार, ३ तारीख
आजपासून रोजनिशी दुकानातल्या कॉम्प्युटरवर. वहीत लिहिलं की घरातले वाचतात. इथे कोण बघतंय? फाईलला नाव द्यायचं नाही, नाव दिलं की सापडते. सेव्हही करायचं नाही. लिहून झालं की पडद्याच्या तळाशी ढकलून द्यायची. मशीन बंद होऊन परत सुरू झालं तरी स्वतःच विचारतं, जुनं आणू का? हो म्हटलं की आणतं. सुनेपेक्षा आज्ञाधारक.
चौथीत शाळा सुटली, पण डोकं सुटलेलं नाही.

मंगळवार, ४
कॉम्प्युटर रांगतोय. शाळेच्या बिल्ल्यांची ऑर्डर डोक्यावर आणि डिझाईन उघडता उघडत नाही. हे दुकान मी हातात सुई धरून उभं केलं. आता सून पडद्यावर चित्र काढते, भरतकामाचं मशीन टाके घालतं. घाम दोघांनाही येत नाही.
विचारलं तर म्हणे, आई, टेम्पररी फाईली साचल्यात. काम चालू असताना कॉम्प्युटर बाजूला कच्चं लिहून ठेवतो. काम संपलं की पुसतो. मध्येच लाईट गेली की ते तसंच पडून राहतं.
म्हणजे खरकटं! आणि हे ही बाई शांतपणे सांगते. चहा तर डबक्याच्या पाण्यासारखा करतेच.

बुधवार, ५. दुपारी
सून जेवायला गेली तेव्हा त्या टेम्पररी फाईलींचा फोल्डर उघडला. शी! फाईलच फाईल. प्रत्येकीच्या नावापुढे गांडुळासारखी वळवळती रेघ. दिसली की चिरडली. एक मात्र जाईना. म्हणे, ही फाईल वापरात आहे. कोण वापरतंय? खुर्चीत मी एकटी, आणि मी तर रोजनिशी लिहितेय.
कॉम्प्युटरही खोटं बोलायला शिकला. संगत.

गुरुवार, ६
कॉम्प्युटरवाल्याला बोलावलं. नुसता मान डोलावतो, आमच्या चिरंजीवांसारखा. त्याला बजावलं, सुरू झाल्या झाल्या, काहीही उघडायच्या आत, सगळी गांडुळं साफ झाली पाहिजेत. रोज. विचारायचं नाही.
सुनेला राहवलं नाही. म्हणे, आधी बघावं, कुणाचं अर्धवट काम असतं त्यात. थोडे दिवस बाजूला ठेवून मग टाकावं. मी म्हटलं, तुझ्या माहेरी ठेवत असतील खरकटं थोडे दिवस. कॉम्प्युटरवाला हसला. मग तिचं तोंड बघून वायर तपासायला लागला.
वर मलाच विचारते, आई, तुमचं काही नाही ना त्यात? माझं! माझी वस्तू जागच्या जागी असते.

शुक्रवार, ७
ठरलं. ऑर्डर गेली की हिला कॉम्प्युटरवरून उठवायची आणि बहिणीच्या मुलीला बसवायची. चिरंजीवांना आयत्या वेळी सांगेन, आधी सांगितलं की बायकोच्या कानात ओततील. सून बटणं लावेल. तेवढं जमेल.
आज कॉम्प्युटर बंद करून घरी जाणार. उद्यापासून स्वच्छ कारभार.

शनिवार, ८
सुरू केला. झरझर. म्हटलं, बघा, याला म्हणतात शिस्त.
जुनं आणू का, ते विचारलंच नाही.
परत बंद केला. परत सुरू. नाही विचारलं.

शनिवार, नंतर
सकाळपासून ही नवीन फाईल. जुनीत तसं काही नव्हतंच म्हणा. चहाच्या डबक्याचं ते वाक्य मात्र छान जमलं होतं.
कॉम्प्युटरवाल्याला फोन केला. म्हटलं, ओळखीच्या एका बाईंची फाईल गेलीय, फार हलगर्जी बाई आहे. तो म्हणाला, त्या बाईंना सांगा, काळजी नको. तुमच्या सूनबाईंनी परवाच दारापाशी गाठून सांगितलं होतं, पुसायच्या आधी प्रत्येक फाईल त्यांच्या फोल्डरमध्ये कॉपी होऊ दे, आणि आईंजवळ बोलू नका.
बोलू नका म्हटलं तर बोललाच. कुणावर म्हणून भरवसा ठेवायचा?

रविवार, ९
फाईल सापडली. पडद्यावर मधोमध. गांडूळ काढलेलं. नाव दिलंय, ‘आईंची रोजनिशी’. कालचं पानही त्यातच जोडलंय.
सून म्हणाली, कुणाची ते कळावं म्हणून फक्त पहिली ओळ वाचली. मी म्हटलं, वाचलीस तरी काय, हिशोबच तर आहेत. ती म्हणाली, हो ना.
मग बिल्ले कापता कापता, मान वर न करता तिने विचारलं, मावशींच्या मुलीला कधी बोलावताय? तिला डिझाईन शिकवायला वेळ काढून ठेवते. आणि बटणं कुठली लावायची ते दाखवून ठेवा.
चिरंजीव म्हणाले, कुठली बटणं?
चार वाजता चहा आला. चमचा उभा राहील इतका कडक. साखर नव्हती.
मागितली नाही.