साळिंदराच्या पाठीवरचं द्राक्ष

ती. आत्या,

तुला नमस्कार, आणि तुझ्या डाव्या गुडघ्याला वेगळा नमस्कार, कारण सध्या घरात सगळ्यात जास्त मान त्याचाच आहे. शेक घेतेस ना? फळांच्या गाडीपाशी ठेवलेलं स्टूल तुला बसायला आहे, त्यावर पपया रचायला नाही. बाबांचा खोकला कसा आहे? इथे 'मी खुशाल आहे' असं लिहायची पद्धत आहे, पण मी खुशाल नाही. मी इतकी चिडले आहे की आज सकाळी चहात साखरेऐवजी मीठ पडलं आणि अर्धा कप संपेपर्यंत मला पत्ता नव्हता. हे पत्र आधी एकटीनं वाच. माझी पत्रं बाबा शेजारच्यांना मोठ्यानं वाचून दाखवतात (घरातली पहिली पदवीधर म्हणून, काय शिकले ते मात्र अजून एकदाही विचारलेलं नाही), आणि यात मी एका प्रतिष्ठित माणसाबद्दल जे लिहिणार आहे ते शेजाऱ्यांच्या कानावर जाण्यासारखं नाही.

तुला ठाऊकच आहे, बालवाडीत मला तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलंय. वसंताची आठ दिवसांची सुट्टी संपली की मला पक्कं करायचं की घरी पाठवायचं ते ठरणार. सुट्टी लागायच्या दिवशी पालक येतात, संस्थेचे अध्यक्ष येतात आणि लांबलचक टेबलावर फळांचे प्राणी मांडलेले असतात. मागच्या वर्षीचे फोटो पाहून मी थक्क झाले होते. सफरचंदाचे ससे, केळ्यांचे मासे, हिरव्या द्राक्षांचा सुरवंट. एकेका सशाचे कान असे की फूटपट्टी लावून बघा! चार वर्षांची पोरं हे करतात? मग कळलं. प्राणी आदल्या दिवशी आम्ही बाया करतो, दार लावून. समोर पोरांच्या नावाच्या चिठ्ठ्या टेकवायच्या, आणि पोरांना हात मागे बांधून उभं करायचं. फोटो झाला की प्रत्येकाच्या हातावर एक बिस्किट. फळाला हात लावला तर डोळे वटारायचे. आत्या, माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्यानं केलं नाही त्याच्या नावाची चिठ्ठी लावायची याला आपल्याकडे साध्या भाषेत काय म्हणतात ते तूच सांग. मी बैठकीत उभी राहिले आणि वीस मिनिटं बोलले. (नंतर कळलं की पाच मिनिटांनंतर सगळ्या जणी वहीत फुलं काढत होत्या.) मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, चष्मा पुसत म्हणाल्या, "करा. तुमच्या वर्गापुरतं करा. काही झालं तर तुमच्या डोक्यावर."

म्हणून मी तुला फोन केला होता. सफरचंद काळं पडू नये म्हणून काय करायचं ते विचारलं, तू मिठाचं पाणी सांगितलंस, तेवढं मी लिहून घेतलं. त्यापुढे तू म्हणालीस, "आणि पोरांना प्राण्यांची नावं ठेवू देऊ नकोस हं. मागे मी एका कलिंगडाला जाड्या म्हणायला लागले आणि चार दिवस ते गिऱ्हाइकाला दाखवलंसुद्धा नाही. शेवटी सडलं बिचारं." मी हसले. मनात म्हटलं, आत्याचं ज्ञान गाडीपुरतं. खोटं कशाला बोलू, अगदी असंच म्हटलं. कारण माझ्या पाठ-टाचणात 'उद्दिष्टे' या मथळ्याखाली तिसऱ्याच ओळीत लिहिलेलं होतं: 'मुले आपापल्या प्राण्याला नाव देतील. त्यातून भाषाविकास होईल.'

भाषाविकास झाला. कसा झाला तेच सांगते.

परवा सकाळी बावीस पोरं, बावीस बोथट सुऱ्या आणि टोकं छाटलेल्या काड्यांचा एक डबा. दोन तासांत वर्गाचं जे झालं ते झाडलोट करणाऱ्या मावशींनी दारातूनच पाहिलं आणि म्हणाल्या, "बाई, हे मांजर आहे की बटाटा?" तो घोडा होता. एका पोरानं अख्खं सफरचंद तसंच ठेवलं होतं. विचारलं तर म्हणाला, "कुत्रा आहे. झोपलाय." एका सशाला तीन कान होते, "एक पडला तर" म्हणून. आत्या, त्या टेबलावर एक प्राणी धड नव्हता आणि मला ते जगातलं सगळ्यात देखणं टेबल वाटत होतं. प्रत्येकाला नाव होतं. घोड्याचं नाव काका, कुत्र्याचं नाव दुसरा कुत्रा.

आमच्या वर्गात एक मुलगी आहे, तिला सगळे मुकी म्हणतात. (मी म्हणत नाही. इथे फक्त तुला कळावं म्हणून लिहिलं.) मुकी नाही ती, घरी बोलते, पण तीन महिन्यांत शाळेत तिनं एक अक्षर काढलेलं नाही. तिची आई रोज दुपारी मला एकच विचारते, "आज?" आणि मी मान हलवते. या मुलीनं नासपतीचं साळिंदर केलं. अर्धी नासपती पालथी, टोकाला मनुक्याचं नाक, आणि पाठीवर काड्यांवर काळी द्राक्षं, एकेक, ओळीत, जीभ बाहेर काढून. दोन तास लागले. साळिंदराच्या नावाची चिठ्ठी तिनं कोरीच ठेवली. (बाकीच्यांनी नावं तोंडी सांगितली, मी लिहिली.)

अकरा वाजता अध्यक्ष आले. मोठे गृहस्थ, उंच, प्रेमळ आवाजाचे. टेबलापाशी उभे राहून त्यांनी बालपणावर भाषण सुरू केलं, आणि भाषण करता करता (हे मी डोळ्यांनी पाहिलंय) हात साळिंदराकडे गेला. "मूल म्हणजे कळी," म्हणाले आणि एक द्राक्ष उपटलं. "कळीला धक्का लावू नये," म्हणाले आणि दुसरं. वाक्यागणिक एक द्राक्ष! मी मोठ्या बाईंकडे पाहिलं, त्या हसतमुखानं छताकडे पाहत होत्या. पोरगी टेबलामागे उभी, नजर त्या हातावर. सहा द्राक्षं गेली. सातवं तोंडात पडलं आणि ती ओरडली,

"थुंक!"

अध्यक्ष तसेच, गाल फुगलेला.

"थुंक म्हटलं ना! ते त्याचं आहे!"

आणि आत्या, तो एवढा मोठा माणूस तळहातावर थुंकला. तिनं ते द्राक्ष उचललं, फ्रॉकला पुसलं आणि साळिंदराच्या पाठीवर परत खोचलं.

मग जे व्हायचं ते झालं. एकवीस पोरांच्या एकदम लक्षात आलं की टेबलाभोवतीची ही सगळी मोठी माणसं आपल्या प्राण्यांना खायला आली आहेत. दुसऱ्या कुत्र्यावर त्याचा मालक पालथा पडला. मोठ्या बाई समजूत घालायला गेल्या, "अरे बाळांनो, फळंच आहेत ती, खायचीच असतात," त्याबरोबर रडण्याचा सूर दोन पट्ट्या वर गेला. एका वडिलांनी, बघ घाबरायचं नसतं, असं दाखवायला स्वतःच्या मुलाच्या सशाचा एक कान खाल्ला. (तिसरा कान ठेवण्यामागचं शहाणपण तेव्हा कळलं.) आणि एका पोरानं अध्यक्षांच्या मांडीला दात लावले. चावला असं म्हणत आहेत, पण पँट फाटलेली नाही.

दुपारी मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी माफीपत्र हवं. मजकूरही त्यांनीच सांगितला: यापुढे प्राणी शिक्षिकाच करतील, आणि 'विद्यार्थिनीच्या असभ्य भाषेबद्दल' मी दिलगीर आहे. असभ्य! तीन महिने ज्या तोंडाकडे आम्ही टक लावून बसलो, ते उघडलं, आणि त्याची माफी? मी म्हटलं, "बाई, ती बोलली." त्या म्हणाल्या, "ऐकलं आम्ही. सगळ्या गावानं ऐकलं." दुसऱ्याच्या लेकराच्या मेहनतीची द्राक्षं उपटणाऱ्यानं कुणाची माफी मागायची, हे माझ्या जिभेवर आलं होतं. आलं होतं काय, मी बोललेच. फाटकापाशी तिची आई उभी होती. तिनं रोजच्यासारखं "आज?" विचारलं नाही, नुसता माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मोठ्या बाईंना हे दिसलं नाही, कारण त्या खिडकीतून अध्यक्षांची गाडी निघते का ते पाहत होत्या.

तर मी ठरवलंय. माफी मागणार नाही, खोट्या चिठ्ठ्या लावणार नाही आणि या नोकरीवर थुंकणारसुद्धा नाही. राजीनामा लिहून तयार आहे. या पत्रापाठोपाठ घरी येते. बाबांना तू सांग, मला धीर होत नाही.

गुडघ्याला जप. रागात लिहिलेल्या अक्षराला क्षमा कर.

तुझी,
डोकेफिरू भाची

ता. क. पत्रापाठोपाठ येता येणार नाही. साळिंदर माझ्याकडे आहे. निघताना त्या पोरीनं ते माझ्या हातात दिलं आणि मी 'सुट्टीभर सांभाळते' म्हणून बसले. घरमालकिणीच्या फ्रिजमध्ये ठेवलंय, सकाळ-संध्याकाळ मिठाच्या पाण्यात बुडवलेल्या बोळ्यानं पुसते (चहात मीठ पडलं ते रागानं नव्हे, वाट्या बदलल्या म्हणून). तरी आज तिसऱ्या दिवशी पोट मऊ पडलंय. तुझा हात सफाईचा. रविवारी ये आणि अगदी असंच दुसरं करून दे. लांबी सुतळीनं मोजून सोबत पाठवते. तिला कळणारसुद्धा नाही.

ता. क. २. वरचं ता. क. वाचलं. आदल्या दिवशी, दार लावून, दुसऱ्यानं केलेलं, तिच्या नावावर. मोठ्या बाई तरी एवढं काय वेगळं करतात? मला माझाच इतका संताप आला आहे की सुतळी फेकून दिली. तू काही कापू नकोस. नासपती आणि काळी द्राक्षं अख्खीच घेऊन ये. पहिल्या दिवशी मी शाळेत जाईन, तिला खरं काय झालं ते सांगेन, आणि ओरडली तर ओरडू दे. दुसरं करायचं की नाही ते ती ठरवेल. माफीपत्रात एवढंच लिहीन की अमुक दिवशी, अकरा वाजून काही मिनिटांनी, ही मुलगी बोलली, आणि ते ऐकायला अध्यक्ष हजर होते. त्यावर मला घालवायचं तर घालवू देत. राजीनामा मी फाडलाय.

ता. क. ३. नावांच्या बाबतीत तुझंच बरोबर होतं, हे बाबांना वाचून दाखवू नकोस. साळिंदर माझ्या हातात देताना तिनं नाव सांगितलं. चिठ्ठी कोरी होती ती नाव नव्हतं म्हणून नाही, लिहिता येत नव्हतं म्हणून. साळिंदराचं नाव 'बाई' आहे. मी विचारलं, कोणत्या बाई? ती म्हणाली, "तूच. सारखी काटे काढून असतेस."