साखरेचं चुकलेलं प्रमेय

दि. ९ मार्च

तीर्थरूप आईंस,
साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. फोनवर जेवणाचा विषय काढला की तुम्ही "आवाज तुटतोय गं" म्हणून फोन ठेवता. माझ्याकडे तर तुमचा आवाज खणखणीत येत असतो. म्हणून आता पत्र. हातात आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत तपासल्याशिवाय तुम्ही सोडत नाही, एवढ्या एका गोष्टीवर माझी सगळी भिस्त आहे.

प्रयोगशाळेतली माझी खोली बदलली. खिडकीतून आता गाड्यांचे टप दिसतात. शेजारीच पेशी वाढवायची उबदार कपाटं आहेत, ती दिवसभर घुमत असतात. सकाळपासून हे पत्र लिहायला बसते आणि उठते. मधेच जाऊन कपाट उघडते, पेशी बघते, दार लावते. पेशींना काही झालेलं नाही. मलाच चैन नाही.

परवा वन्संचा फोन आला. त्यांना रागावू नका, मीच खोदून खोदून विचारलं. म्हणाल्या, "वहिनी, आईनं भात सोडलाय. दूध नाही, फळ नाही, बटाटा नाही. भाजीचं नुसतं पाणी पिते, आणि वर मलाच ऐकवते, तुझ्या वहिनीनंच सांगितलंय म्हणून."

आई, मी तसं सांगितलेलं नाही. म्हणजे सांगितलं, पण तसं नाही.

वाचनालयातल्या भाषणात मी म्हणाले होते, "कॅन्सरची गाठ म्हणजे साखरेला चटावलेली पाहुणी. घरच्यांच्या आधी स्वतःचं ताट वाढून घेते." लोक हसले, मलाही बरं वाटलं. तुम्ही दुसऱ्या रांगेत बसून शेजारच्या बाईंना "आमची सून" म्हणून सांगत होतात. तुमच्या मुलाची आणि माझी फारकत होऊन इतकी वर्षं झाली, पण तुमच्या व्याकरणात तो बदल अजून झालेला नाही. तेव्हा तुमच्या पोटात काही वाढतंय हे कुणाच्या गावीही नव्हतं. मग तपासण्या झाल्या. किरण सोडणारी साखर टोचून तुमचा फोटो काढला आणि त्यात गाठ दिव्यासारखी उजळली. तुम्ही जन्मभर भूमिती शिकवलेल्या हेडबाई. तुम्ही लगेच प्रमेय मांडलंत: गाठ साखर खाते. आपण साखर तोडली की गाठ उपाशी. उपाशी गाठ मरते. सिद्ध झालं.

दुसरी पायरी चुकली आहे, आई.

तुम्ही खाणं तोडलं तरी रक्तातली साखर तुटत नाही. मेंदूला ती लागतेच, म्हणून यकृत ती बनवत राहतं. कशातून? तुमच्या दंडातल्या, मांड्यांमधल्या मांसातून. सरपण संपलं की माणूस घरातल्या खुर्च्या मोडून जाळतो ना, तसं. आणि त्या शेकोटीलाही सगळ्यांत पुढे गाठच बसते. साखर कमी पडलीच तर ती दुसरं काहीतरी खायला शिकते. तिला भूक आहे, आवडनिवड नाही. खरे हाल होतात ते तुमच्या बाजूने लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचे. लढायचं तर त्यांनाही तेच अन्न लागतं.

डॉक्टरीणबाईंनी सलाइनमधलं औषध पुढे ढकललं ते तुमचं वजन उतरलं म्हणून. त्यावर तुम्ही म्हणालात म्हणे, "बरंच झालं. ते जुनं विष मला नकोच. सून शोधून काढतेय त्या औषधासाठी मी थांबणार आहे." आई, ते जुनं औषधसुद्धा आमच्याच घराण्यातलं आहे. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर बांधकाम करावं लागतं, आणि बांधकामाला विटा लागतात. गाठीतल्या पेशी एका जातीची वीट हावऱ्यासारखी उचलतात, हे कुणीतरी चिकाटीने बघत बसलं, आणि हुबेहूब तशीच दिसणारी खोटी वीट तयार केली. पेशी ती उचलते आणि भिंत अर्ध्यावर अडते. तुमच्या त्या पिशवीत तीच वीट आहे. पण ती सोसायला अंगात जोर हवा. तेव्हा भात खा. दूध प्या. केळं खा. माझ्यावर रागावून खा, पण खा.

माझ्या औषधाचं विचारलंत. काम चालू आहे. अशा गोष्टींना वेळ लागतो.

भेटायला येणार होते, पण सध्या इथून निघणं कठीण आहे.

तुमची,
(पुढे काय लिहावं ते कळत नाही, तेव्हा) मीच


दि. १६ मार्च

चि. प्रयोगबाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. शुद्धलेखनाच्या चुका आहेत, पण तू घाईत होतीस असं धरून सोडून देते.

दुसरी पायरी चुकली, मान्य. "गृहीत काय आणि सिद्ध काय ते आधी वेगवेगळं लिहा," असं मुलींना ओरडून सांगण्यात माझा जन्म गेला, आणि स्वतःच्या वेळी मी यकृत धरलंच नाही. पत्र वाचून झाल्यावर आत हाक मारली, "भात टाक गं." तुझी वन्सं पातेलं हातात घेऊन रडायलाच लागली. म्हटलं, "रडतेस काय? त्यापेक्षा पाणी जास्त घाल, मऊ होऊ दे." त्या दिवशी पोटात राहिला. दुसऱ्या दिवशी सगळा बाहेर आला. काल पुन्हा राहिला. आज केळंही खाल्लं, आणि इतकं गोड लागलं की मला माझाच राग आला.

आता खरं सांगते. मी खाणं सोडलं ते नुसतं प्रमेयासाठी नव्हे. हे दुखणं आल्यापासून जो तो माझं काही ना काही करतोय. कुणी सुई टोचतं, कुणी कूस बदलतं, कुणी माझ्यादेखत माझ्याबद्दल तिसऱ्याशीच बोलतं. माझ्या हातात म्हणून काही उरलं नव्हतं. उपास तेवढा माझा होता. त्यात मी कुणाला विचारत नव्हते. तूही तो काढून घेतलास. असो. चुकीचा होता, म्हणून दिला.

पण तुझाही पेपर तपासायचा आहे. मी सरळ प्रश्न विचारला होता, तुझं औषध कधी? तू लिहिलंस, काम चालू आहे. कुणाचं? कसलं? मुलींच्या वहीत असलं वाक्य दिसलं की मी समासात लिहायची, म्हणजे काय? तुलाही तेच विचारते. म्हणजे काय?

आणि तू पत्र लिहिताना बसतेस-उठतेस ते कशामुळे? पेशींना काही झालेलं नसताना?

उत्तर पूर्ण वाक्यात हवं.

आई


दि. २४ मार्च

तीर्थरूप आईंस,
साष्टांग नमस्कार.

पूर्ण वाक्यात लिहिते. माझं औषध कॅन्सरवर चाललं नाही.

काचेच्या ताटलीत चाललं. उंदरांतही चाललं. गाठीचा एक खायचा रस्ता ते बंद करत होतं, आणि आम्हाला वाटलं, आता हिची कोंडी झाली. माणसांना दिल्यावर गाठीने थोड्याच दिवसांत दुसरा रस्ता शोधला. उलट रोग्यांच्या पांढऱ्या पेशी मात्र मलूल झाल्या. चाचणीवर देखरेख करणाऱ्या समितीने ती बंद केली. बरोबरच केलं. त्यांच्या जागी मी असते तर मीही बंद केली असती.

आई, हे तुमचं निदान व्हायच्या आधी झालं. दवाखान्यात तुम्ही माझा हात धरून म्हणालात, "मला कसली भीती? तू आहेस, तुझं औषध आहे." तेव्हा मला ठाऊक होतं. वन्सं समोर उभ्या होत्या, तुमच्या चेहऱ्यावर सकाळपासून पहिल्यांदा हसू आलं होतं, आणि मी मान हलवली. तेवढंच. तोंडाने खोटं बोलले नाही, अशी मी नंतर स्वतःची समजूत घालत होते. पण त्या हलवलेल्या मानेवर विसंबून तुम्ही सलाइन नको म्हणत राहिलात, आणि इथे माझ्या पायाला चाकं लागली. जिना उतरते, चढते. सहकारी विचारतात, "काय हरवलंय?" मी म्हणते, किल्ली.

अजून एक आहे. ते सांगायला जास्त जड जातंय, कारण ती चांगली बातमी आहे.

आमच्या इमारतीत क्षयाच्या जंतूंवर काम करणारा एक जण आहे, सगळे त्याला 'खोकलेमास्तर' म्हणतात. त्याचा जंतू फुप्फुसात घुसतो आणि जी पांढरी पेशी त्याला मारायला येते, तिच्याच पोटात दडून बसतो. तिने साठवलेल्या चरबीवर जगतो. म्हणजे पोलीस चौकीत बिऱ्हाड करून पोलिसाच्याच डब्यातलं खायचं. चाचणी बंद पडल्यावर मास्तर मला म्हणाला, "तुझं ते पडीक औषध दे की. गाठीने रस्ता बदलला, माझा जंतू बदलतो का बघू." त्याने ते अगदी थोड्या मात्रेत वापरलं. एवढ्याशा औषधाने पांढरी पेशी मलूल पडत नाही, तिच्या पोटात चरबी मात्र साचत नाही. जंतूची उपासमार होते. मग ज्या गोळ्या त्याच्यावर चालेनाशा झाल्या होत्या त्याच पुन्हा चालतात. आता छातीच्या वॉर्डात मोजक्या रोग्यांवर त्याची चाचणी सुरू आहे. सगळ्यांना गुण आलेला नाही. एक बाई आहे तशीच आहे. पण एक बस चालवणारा माणूस, ज्याला उशीवरून मान उचलायचं त्राण नव्हतं, तो परवा जिना चढून आमच्या मजल्यावर आला. धापा टाकत म्हणाला, "बाई, ते औषध तुमचंच का?" मी म्हटलं, "आमच्या सगळ्यांचं." त्याने माझे दोन्ही हात धरले. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडले. मला त्याचा आनंद झाला होता, आई, खरंच झाला होता. पण जे हात त्याने धरले त्याच हातांनी तुम्हाला काय देऊ, ते सुचत नव्हतं.

खोली बदलली ती त्यामुळेच. मी आता मास्तरच्या विभागात आहे. गाठीचं काम सोडलंय. दुसरे लोक करताहेत, दोन रस्ते एकदम बंद करून बघताहेत. कदाचित जमेल. तुमच्यासाठी वेळेवर जमेल असं मी म्हणणार नाही. आता मान हलवायची नाही, असं ठरवलंय.

सलाइन घ्या. त्याने गाठ जाईलच असं नाही, पण आज तुमच्यासाठी जे खरोखर आहे ते तेच आहे.

निघणं कठीण आहे असं लिहिलं होतं. तेही खरं नाही. रजा आहे, गाडीही आहे. रिकाम्या हाताने तुमच्यासमोर कशी उभी राहू, एवढंच आहे.

तुमची अपराधी


दि. ११ मे

चि. प्रयोगबाईस,
आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही, कारण मला राग आला होता. तो पुरता गेलेला नाही, पण आता पेन धरवतंय म्हणून लिहिते.

पत्र वाचलं त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तुझी वन्सं सारखी येऊन बघून जात होती. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, "डॉक्टरीणबाईंना कळव, हेडबाई यायला तयार आहेत." वजन बघून त्या म्हणाल्या, "हे कसं काय वाढवलंत?" म्हटलं, "पायरी दुरुस्त केली."

खोट्या विटा अंगात गेल्या. तोंड सोलवटून निघालं, तळपाय झोंबतात, आणि मधे एकदा ताप चढून दवाखान्यात राहावं लागलं. तिथल्या खाटेवर पडल्या पडल्या तुझ्या पांढऱ्या पेशींना शिव्या घातल्या, मग त्यांच्यासाठी दूध प्यायले. परवा पुन्हा फोटो काढला. गाठ लहान झाली आहे. गेलेली नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बहुधा पूर्ण जाणार नाही, पण तिला असंच दाबून ठेवता येईल, किती काळ ते सांगता येत नाही. मला हे आवडलं. त्यांनी मान हलवली नाही.

तुझ्या त्या बसवाल्याचा हेवा वाटला, उगाच खोटं कशाला बोलू? माझ्यासाठी रांधलेलं उचलून त्याच्या पानात वाढल्यासारखं झालं. दोन दिवस त्याच्यावर धुसफुसले. मग त्याच्याविषयीच विचार करत बसले. त्याला मुलंबाळं आहेत का? पुन्हा बस चालवणार का? तू काहीच लिहिलं नाहीस. आणि ती गुण न आलेली बाई, तिच्याकडे कोण बघतं? दोघांची माहिती मला हवी आहे. सविस्तर.

आता शेवटचं. मी औषधाची वाट बघत होते, हे खरं आहे. जगायचं कुणाला नसतं? पण माझ्या मनात वाक्य होतं ते असं: सून औषध घेऊन येईल. तुझ्या पत्राने त्यातला एक शब्द खोडला गेला, फार तर दोन. उरलेलं वाक्य अजून पुरं आहे आणि त्याला अर्थही आहे. तुला ते वाचता आलं नाही, याचाच मला सगळ्यात जास्त राग आहे.

रिकाम्या हाताने ये. मला उठताना धरायला हात रिकामेच लागतात.

रागावलेली, आणि तुझी,
आई