चाळीस सेकंद कोणी बोलत नाही

३ जानेवारी, शनिवार. अमरावती

कामाला हात लावण्याआधी स्थिती लिहून ठेवते.

१. सकाळी अकोल्याहून प्राचीचा मेसेज. त्या जपानी मालिकेचा दुसरा सीझन ९ तारखेला सुरू होतोय.
२. प्राचीला ऐकू येत नाही. इंग्रजी सबटायटल्स तिला जमत नाहीत, मराठी भरभर वाचते. म्हणून पहिल्या सीझनच्या बारा भागांना तिच्या भावाने, निखिलने, मराठी ओळी लिहिल्या. वेळ मी लावली: कोणती ओळ कधी दिसेल, कधी जाईल.
३. बारावा भाग पूर्ण झाला त्याला दोन वर्षं होत आली. त्यानंतर निखिल माझ्याशी बोललेला नाही. भांडण नाही. कारण माहीत नाही.
४. या वेळी तो करणार नाही. प्राचीचे शब्द: "दादा नाई म्हणते. तूच कर. मले कोन सांगन ते काय बोलून राहिले?"
५. मी हो म्हटलं.

५ जानेवारी, सोमवार

दिवसभर वजनकाटे तपासले. एका कापसाच्या जिनिंगचा काटा दोनशे ग्रॅम जास्त दाखवत होता. मालकाचं म्हणणं, "मॅडम, दोनशे ग्रॅमनं काय होते?" प्रमाणपत्र दिलं नाही.

घरी आल्यावर आई: "तिवस्याचे पाहुणे एक तारखेले येऊन राहिले. सुट्टी टाक."
"एक तारीख रविवार आहे."
"मंग सुट्टीचं कामच नाई. केस नीट कर फक्त."

मुलगा बांधकाम खात्यात आहे म्हणे. फोटो पाहिला. फोटोत काही चूक नाही.

१० जानेवारी, शनिवार

पहिला भाग आला. सकाळी बसून २८६ ओळी केल्या. ओळीही माझ्या, वेळही माझी.

गोष्ट तीच. शाळेच्या छतावर रोज हवामानाच्या नोंदी ठेवणारी दोन मुलं. पहिल्या सीझनच्या शेवटी मुलगा जिन्यात तिला विचारतो, तू माझ्यासोबत राहशील का. मग चाळीस सेकंद कोणी बोलत नाही, आणि संपतं. दोन वर्षं लोक नेटवर भांडले, ती काय म्हणाली असेल म्हणून. नवा सीझन सहा महिन्यांनी पुढे सुरू होतो. तिने काय उत्तर दिलं ते दाखवलंच नाही. मुलगी दुसऱ्या शाळेत. मुलगा एकटाच पाऊस मोजतो. विनोदी मालिका आहे असं लिहिलंय अजूनही.

प्राचीला फाइल पाठवली. उत्तर: "पाह्यलं." एवढंच.

११ जानेवारी, रविवार

पात्रं एकमेकांना काय म्हणतात ते जुन्याशी जुळावं म्हणून पहिल्या सीझनच्या फाइली काढल्या. माझ्या नव्हे, निखिलने मेलवर पाठवलेल्या मूळ. चुकून त्याच उघडल्या.

आमची पद्धत अशी होती. ओळींच्या मध्ये तो माझ्यासाठी टिपा लिहायचा, पुढे हॅशची खूण. मी त्या वाचून पुसायची आणि मग वेळ लावायची. टिपा कामाच्या कमी, चेष्टेच्या जास्त. "इथे पोरगा छत्री विसरला. तू असतीस तर छत्रीची पण यादी केली असती." आठव्या भागापर्यंत वाचल्या. मग कंपनीत ऑडिट होतं, वेळ कमी पडायला लागला. नवव्या भागापासून एक छोटा प्रोग्राम लिहिला, हॅशच्या सगळ्या ओळी एका झटक्यात काढणारा. त्याला सांगितलं नाही.

म्हणजे चार भाग तो कोणीच नसलेल्या खोलीत बोलत होता.

भाग १०: "टायमिंगवाली, वाचतेस ना? उत्तर येत नाही हल्ली."
भाग ११: "वाचत असशील तर खूण म्हणून पुढच्या भागात कुठलीही एक ओळ अर्धा सेकंद उशिरा लाव. मला कळेल."

बारावा भाग मी तीनदा तपासला होता. एकही ओळ उशिरा नाही.

भाग १२, अगदी शेवटी, जिन्यातल्या प्रश्नानंतर: "अश्विनी, हे चाळीस सेकंद कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. तो तिला विचारतोय तेच मला तुला विचारायचं आहे. तुमच्या घरी माझं आडनाव चालणार नाही. आमच्या घरी आई म्हणेल, पोरीचे हाल होतील तिकडून. ते नंतर पाहू. मी फक्त तुला विचारतो. नाही असेल तर ही टीप पुस, मी पुन्हा विषय काढणार नाही."

न वाचताच पुसली होती.

१२ जानेवारी, सोमवार

कामावर गेले. दोन काटे, एक प्रेशर गेज. नोंदी बरोबर.

एक गोष्ट काल लिहिली नाही. बारावा भाग झाल्यावर तो अमरावतीला आला होता. बस स्टँडसमोर चहा. त्याने विचारलं, "माझी फाइल नीट वाचलीस ना? टिपांसकट?" मी म्हटलं, "हो. ओळ अन् ओळ. दोन ठिकाणी शब्द चुकत होते, दुरुस्त केले."

तो म्हणाला, "बरं." चहा अर्धा ठेवून उठला. मला वाटलं, चूक दाखवली म्हणून लागलं असेल. कॉलेजपासून ओळखते त्याला, चुका काढल्याने त्याला कधीच लागलं नव्हतं. तरी तेच धरून बसले दोन वर्षं.

प्रोग्रामची चूक ही चूक. हे खोटं होतं.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तीळगूळ. वलगावच्या शेतातून बाबा तुरीच्या शेंगा घेऊन आले. आईने शेंगा सोलता सोलता विचारलं, "तोंड काहून उतरलं तुयं?"
"काम आहे."
"काम तर नेहमीच रायते."

मीही शेंगा सोलायला बसले. बाबा ऐकत होते.

१८ जानेवारी, रविवार. अकोला

दुसरा भाग मेलने पाठवता आला असता. तरी गेले. बसने अडीच तास, आभाळ भरलेलं, गार वारा.

निखिल घरी नव्हता. हिवरखेडच्या शाळेत गणित शिकवतो, स्नेहसंमेलनाची तयारी आहे म्हणे. मी येणार हे त्याला माहीत होतं. त्याची आई: "ये बाई, बस. लय दिसानं आली. कावून वं, आमचा रस्ता विसरली का?" 

प्राची आणि मी वहीत लिहून बोलतो. तिने आधी कामाचंच लिहिलं: "तुया ओळी बराबर येतात. पण मानसं बोलून राहिले असं नाई वाटत. नोटीस वाचल्यासारकं वाटते."
मी लिहिलं: मान्य.
"दादाच्या ओळीत तो पोरगा खरंच घाबरे."

मग मी विचारलं, निखिलने माझ्याबद्दल कधी काही सांगितलं का. तिने वहीचं नवं पान उघडलं.
"त्यानं मले दाखोलं होतं ते. पाठवायच्या आधी. मीच म्हटलं, पाठव. तू वाचून गप बसली म्हणून दोन वर्सं तुयावर राग धरला म्या. तुले मेसेज केला तो पन मालिकेपायी."

मी सगळं लिहिलं. प्रोग्राम, चार भाग, चहा. ती वाचून आधी हसली, खांदे हलेपर्यंत. मग हसणं थांबलं.
"मंग खोटं काहून बोलली?"
कामात कसर राहिली हे त्याला कळू नये म्हणून, असं लिहिलं.
"त्याले की तुले?"

 तिने पान फाडून घडी करून स्वतःकडे ठेवलं. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत उभी होते, मग जागा मिळाली.

२१ जानेवारी, बुधवार

निखिलचा मेसेज. दोन वर्षांतला पहिला. "प्राचीने सांगितलं. ठीक आहे. तिसऱ्या भागाच्या ओळी मला पाठव, सुधारून देतो. तिला त्रास नको."

"ठीक आहे" तीन वेळा वाचलं. त्यातून काहीच निघत नाही.

२५ जानेवारी, रविवार

तिसऱ्या भागाची फाइल परत आली. ११४ ओळी त्याने बदलल्या. मुलगा पुन्हा माणसासारखा बोलतो. मुलीच्या ओळींना हात लावलेला नाही.

टिपा शोधल्या. एकही नाही. वरपासून खालपर्यंत पुन्हा डोळ्यांनी वाचलं, प्रोग्राम न वापरता. नाही.

प्राचीला भाग पाठवला. तिचं उत्तर आलं: "आता बरा झाला. दादा पाहून राह्यला माया बाजूले बसून. हासत नाई."

आईने पाहुण्यांसाठी पोहे करायचे की आलूबोंडे, ते विचारलं. काहीही, म्हटलं. "काईही म्हंजे?" मी स्क्रीनकडे वळले, तर ती माझ्याकडे पाहत राहिली. बहुतेक समजायला लागलंय तिला. विचारत नाही आहे, एवढंच.

२६ जानेवारी, सोमवार

सुट्टी. सकाळी तीन वेळा लिहून खोडलं. चौथ्यांदा लिहिलं ते अकराला पाठवलं. नक्कल इथे ठेवते.

निखिल,
नवव्या भागापासून तुझ्या टिपा मी वाचल्या नव्हत्या. त्या काढणारा प्रोग्राम माझा. टिपांसकट वाचलं, असं तुला सांगितलं ते खोटं होतं. प्राचीने कळवलं असलं तरी हे मी सांगायला हवं होतं.
शेवटची टीप मी ११ जानेवारीला वाचली. त्या वेळी वाचली असती तर हो म्हटलं असतं. आजही हो आहे.
आडनावाबद्दल तू लिहिलंस ते खरं आहे. घरी मी अजून काही बोललेले नाही. सोपं जाणार नाही, आणि बाबांचं काय होईल ते मला सांगता येत नाही.
दोन वर्षांत तुझं मत बदललं असेल तर तेवढंच लिही. कारण मागणार नाही. प्राचीचे भाग तसेही मी करीन, त्याचा याच्याशी संबंध नाही.
रविवारी, १ फेब्रुवारीला, तिवस्याचे लोक मला पाहायला येणार आहेत. त्यांना येऊ द्यायचं की थांबवायचं, ते मला आदल्या संध्याकाळी आईला सांगावं लागेल. म्हणून शनिवार, ३१ जानेवारी, संध्याकाळी सहापर्यंत उत्तर दे.
अश्विनी