ताईच्या गाडीचे बारमाही टायर

४ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक उ. आ. वि. वि.

तुझा कान बिघडल्यापासून फोन म्हणजे शिक्षा झाली आहे. परवा मी टायर झिजलेत म्हणाले, तर जिन्याच्या पायऱ्यांना कुठलं सिमेंट लावावं हे तू मला पाऊण तास समजावलंस. म्हणून हे पत्र. ओळी तिरक्या गेल्या तर टेबल डुगडुगतं असं समज.

गाडीच्या चारही टायरना बाजूने बारीक भेगा पडल्या आहेत. खालच्या मजल्यावरच्या औषधवाल्याने दाखवल्या म्हणून कळलं. महिन्या-दीड महिन्यात घाटात बर्फ पडू लागेल, तेव्हा नवे घ्यायला हवेत. पण कोणते? औषधवाला म्हणतो, थंडीचे वेगळे आणि उन्हाळ्याचे वेगळे असे दोन जोड घ्या. त्याची बायको म्हणते, त्यापेक्षा गाडीच काढून टाका. टायरवाला म्हणतो बारमाही घ्या, एकदा घातले की बाराही महिने बघायला नको. मी प्रसूतिगृहात चौतीस वर्षं काढली, रडण्यावरून मूल भुकेलं आहे की हट्टी ते सांगेन, पण एक काळं रबर दुसऱ्यापेक्षा चांगलं कशावरून, ते मला कळत नाही.

गाडी मुळात तुझी. सहा वर्षांपूर्वी घाटात टायर घसरले आणि तू किल्ली माझ्या हातात ठेवलीस, त्यानंतर स्टिअरिंगला हात लावला नाहीस. तरी तिची कुंडली तुलाच पाठ आहे. सविस्तर लिही. सविस्तर म्हणजे दोन पानं, वीस नव्हे.

घरातल्या दोघांनाही मायेने आठवणारी,
ताई


११ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टायरच्या बाबतीत घाई करू नकोस आणि बोलणाऱ्यांवर जाऊ नकोस. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. माणूस बोलतो ते वाऱ्यावर जातं, छापलेलं मात्र पकडता येतं. टायरच्या बाजूवर सगळं छापलेलंच असतं. तेव्हा प्रथम आपल्या टायरवर जे जे आहे ते जसंच्या तसं उतरवून पाठव. काही गाळायचं नाही, काही सुधारायचं नाही.

मोठ्या आकड्यांत रुंदी, उंची आणि शेवटी रिमचं माप असतं. शिवाय एका लांबट चौकटीत चार आकडे असतील. पहिले दोन म्हणजे आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल, टायर जन्माला आला ती तारीख. दहा वर्षांवरचा टायर कितीही तरुण दिसला तरी काढायचा, रबर आतून कडक होतं.

बारमाहीच घे. तू काही रोज बर्फात जाणारी नाहीस, आणि दुसरा जोड ठेवायला तुझ्याकडे पलंगाखालीच जागा आहे. पण बारमाही असं नुसतं म्हटलं म्हणून होत नाही. त्यावर तीन सुळक्यांचा डोंगर आणि आत बर्फाची चांदणी असं चित्र हवं. ते असेल तरच तो थंडीच्या परीक्षेला बसून पास झालेला. बाकीचे नुसते नावाचे.

सौ. म्हणते, ताईंना टायर हवेत, ग्रंथ नको. ती एवढंच बोलली आणि स्वयंपाकघरात गेली. घाटात तेव्हा माझ्या शेजारी तीच बसली होती. दोघांनाही खरचटलं नाही, पण गाडीचा विषय निघाला की तिला अजून काहीतरी काम आठवतं.

तुझ्या आशीर्वादावर टिकून असलेला,
धाकटा


१९ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,
अनेक उ. आ. वि. वि.

तुझ्या हुकमाप्रमाणे मी गुडघे टेकून, बॅटरी तोंडात धरून टायर वाचला. समोरच्या बिऱ्हाडातल्या बाईंना वाटलं मी पडले. त्यांनी मला उचलायला दोन माणसं आणली, आणि मी तारीख बघते आहे म्हटल्यावर त्यांनी मला आजचा वार विचारून पाहिला.

तर माप असं: १५५, मग ८०, मग १५. चौकटीतल्या आकड्यांवरून टायर बारा वर्षांचे निघाले. खाचा बऱ्या आहेत. वरून बरं आणि आतून कडक, म्हणजे माझ्याच वयाचे म्हणायचे.

टायरवाल्याची काळजी नको. गाडी घेऊन औषधवाल्याबरोबर दुकानात गेले, तर तो माझ्याकडे पाहत राहिला आणि मी त्याच्या कपाळाकडे. तसं कपाळ मी एकदाच पाहिलं आहे, ते बाहेर यायला एकोणीस तास लागले होते. त्याच्या आईने मला तेव्हा काय काय शिव्या दिल्या ते मी त्याला सांगितलं. आता तो मला खुर्ची देतो आणि माझ्या शब्दाबाहेर जात नाही.

मात्र हिशेब करताना एक अडचण आली. टायर बारा वर्षांचे, गाडी घसरून सहा वर्षं झाली. म्हणजे घसरले ते हेच. टायरने दगा दिला असं तू सगळ्यांना सांगितलंस, आणि तेच टायर घालून गाडी मला दिलीस. आता एकतर टायर निर्दोष आहेत, नाहीतर तुझं माझ्यावर प्रेम नाही. यातलं कुठलं, ते उलट टपाली कळव.

वाट पाहत बसलेली,
ताई


२६ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

टायर निर्दोष होते.

त्या दिवशी पाऊस होता, वेग बेताचा होता, सगळं नीट चाललं होतं. वळणाच्या अलीकडे एक नवीकोरी पाटी लावली होती, पुढे वळण आहे, सावकाश चला, अशी. त्यातल्या वळण या शब्दात एक अक्षर चुकलं होतं. एवढी मोठी पाटी, एवढा खर्च, आणि कुणी एकदा वाचूनही पाहिली नाही. मी मान वळवून खात्री करून घेत होतो. ते वळण वाचण्याच्या नादात खरं वळण घ्यायचं राहिलं. मग ब्रेक, मग चर, आणि चरात आम्ही दोघं तिरके बसलेलो.

सौ.ने विचारलं काय झालं, आणि माझ्या तोंडून टायर हा शब्द निघून गेला. एकदा निघाला तो मग सहा वर्षं पुन्हा पुन्हा छापत राहिलो. शेजारच्यांना ती अजून सांगते की टायरने दगा दिला म्हणून, नाहीतर हे फार सावध चालवतात. प्रत्येक वेळी ते ऐकताना मला जमिनीत जावंसं वाटतं. गाडी तुला दिली ती टायरच्या भीतीने नाही. माझ्या हातातल्या गाडीत कुणी बसावं असं मला वाटेनासं झालं होतं.

असो. टायरवाल्यासाठी सोबत वेगळी चिठ्ठी जोडली आहे. माप, डोंगराचं चित्र, आणि या वर्षातलाच माल हवा, असं सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे. ती तशीच त्याच्या हातात दे.

तू रागावलीस तरी पत्र पाठवत राहा, एवढंच मागणारा,
धाकटा


७ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक उ. आ. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा खुर्चीचे हात धरून हसले. नंतर थोडी रडलेही, पण ते तुझ्यासाठी नव्हे, सहा वर्षं ती बिचारी शेजाऱ्यांकडे तुझी बाजू घेत होती त्यासाठी. तिला सांगून टाक. बायकांना घसरलेली गाडी चालते, घसरवलेली गोष्ट चालत नाही.

आता तुझी पाळी ऐकायची. टायर आले. चारहींवर डोंगर होता, चांदणी होती, साल या वर्षाचं. सगळं सुरेख, फक्त रिमवर चढेनात. आपलं रिम तेराचं, टायर पंधराचे. टायरवाला हळूच म्हणाला की त्याला आधीच शंका आली होती, पण बाईंनी दिलेल्या चिठ्ठीवर बोलायची त्याची हिंमत झाली नाही. खुर्ची दिली तेव्हा मला हे सुचायला हवं होतं. चिठ्ठी काढून पाहिली तर तुझ्याच मोत्यासारख्या अक्षरात पंधरा. मुद्रितशोधकाच्या चिठ्ठीत छापचूक, आणि तीही आकड्याची. मी ते सगळ्या दुकानाला सांगितलं. टायर परत गेले, तेराचे येत्या शनिवारी येतील.

थट्टा मनावर न घेण्याइतकं मोठं मन ठेव.

तुझी,
ताई


१२ नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं आणि मला घाम फुटला. चाळीस वर्षांत आकडा चुकला नव्हता. मग तुझं १९ तारखेचं पत्र काढलं. त्यात तूच पंधरा लिहिलं आहेस, स्पष्ट, गिचमीड नाही. माझी चिठ्ठी मूळ प्रतीबरहुकूम आहे. क्षणभर फार आनंद झाला.

मग तो आनंद ओसरला. कारण मी तुझी सगळी पत्रं ओळीने मांडली. ओळी उजवीकडे उतरत जातात, आणि जसजसा महिना पुढे जातो तशा जास्त उतरतात. टेबल डुगडुगतं म्हणालीस, पण ते टेबल मीच खिळे ठोकून पक्कं केलं होतं. भेगा तुला औषधवाल्याने दाखवल्या. दुकानातही तुला त्यानेच नेलं. ताई, तुला तीन आणि पाच यांत फरक दिसत नाही. किती दिवसांपासून?

सौ.ला पाटीचं सगळं सांगितलं. ती दीड दिवस डबे घासत बसली. मग जेवताना विचारलं, कुठलं अक्षर.

शनिवारी सकाळच्या बसने येतो. येऊ नकोस म्हणायला पत्र पोचणार नाही, हे बघूनच टाकलं आहे.

काळजीत असलेला,
धाकटा


१४ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक उ. आ. वि. वि.

उत्तर औषधवाल्याच्या माणसाबरोबर तुमच्याकडच्या औषधांच्या दुकानात पाठवते आहे, म्हणजे तू निघायच्या आत मिळेल.

जूनपासून. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डॉक्टरांनी त्याच दिवशी गाडी बंद करायला सांगितली आणि मी केली. बाकी कुणाला सांगितलं नाही. इतकी वर्षं मी लोकांना हात धरून चालवलं, आता माझा हात कुणी धरायला लागलं की मला ओरडावंसं वाटतं. डोळ्यांचं इस्पितळ घाटापलीकडे आहे. उजव्या डोळ्याची तारीख बावीस मिळाली आहे. औषधवाला नेतो म्हणाला होता, पण तो गाडी चालवताना सगळे आजार वर्णन करत जातो.

आणि मला तूच हवा होतास. नुसतं ये, मला घाटातून ने, असं म्हटलं असतं तर तू बसची तिकिटं पाठवली असतीस. टायर म्हटल्यावर तू येशील हे मला माहीत होतं. फक्त माप मुद्दाम चुकवलं नाही, तेवढं आपोआप झालं.

येताना तुझं लायसन्स घेऊन ये.

तुझीच,
ताई


३० नोव्हेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

डोळ्यावरची पट्टी निघाली तरी अजून आठवडाभर वाचायचं नाही असं डॉक्टर म्हणाले आहेत, म्हणून हे पत्र औषधवाल्याकडून वाचून घे. त्याने मधे स्वतःचं काही घालू नये.

तुला नेताना घाटात मी काय केलं हे तू पाहिलंस, म्हणजे पाहिलं नाहीस, पण ऐकलंस. मागे वाहनांची रांग लागली होती आणि तू प्रत्येक भोंग्याला खिडकीतून हात हलवून आशीर्वाद देत होतीस. मला तेव्हा सांगता आलं नाही, तू शेजारी होतीस म्हणून मी मधेच गाडी उभी केली नाही.

तुला घरी सोडून माझ्या घरी परतताना मात्र मी एकटा. दुसरा डोळा होईपर्यंत गाडी तूच घेऊन जा, असं तू म्हणालीस ते मला तुझ्या फाटकाबाहेर पडल्यावर नीट ऐकू आलं. घाटात पाऊस लागला, वर गेल्यावर त्याचा बर्फ झाला. बारमाही टायर रस्त्याला धरून होते, त्यांच्याविषयी एवढंच लिहितो, यापुढे त्यांच्यावर कसलाही आरोप करणार नाही. जुन्यांवरची तारीखही दुकानात नीट वाचली. बारा नाही, चौदा वर्षांचे होते. वळणावर मी फक्त रस्ता बघितला. पाटी दुरुस्त केली की नाही, मला माहीत नाही.

घरी पोचून दारात गाडी उभी केली. इंजिन बंद करणार तोच सौ. घरातल्या चपलांवरच बाहेर आली. टायरकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. पलीकडचं दार उघडून शेजारी बसली, पट्टा लावला आणि समोर बघत म्हणाली की घरात भाजी नाही.

भाजीने भरलेली पिशवी मला खिडकीतून ओट्यावर दिसत होती. मी गिअर टाकला.

डोळ्यांना जप, आणि आमच्यावर नजर असू दे,
धाकटा