मास्तरांचं वजन

५ मार्च

चि. टिचकीस आत्याचे अनेक आशीर्वाद.

सोबतच्या खोक्यात मास्तर आहेत. ते उताणे आहेत आणि त्यांना त्याची सवय नाही, तेव्हा आधी त्यांना उठवून बसव आणि मग हे पत्र वाच.

माझ्या मनगटाचं तुझ्या कानावर आलंच असेल. तुझ्या बापाच्या पोटात काही राहत नाही. डॉक्टरांचं म्हणणं असं, की यापुढे खांद्याच्या वर चारशे ग्रॅमहून जड काही उचलायचं नाही. मी घरी येऊन मास्तरांचं डोकं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. एक किलो ऐंशी ग्रॅम भरलं. पुढच्या वेळी मी डॉक्टरांना समजावलं, की मास्तर म्हणजे काही सामान नव्हे. त्यांनी मान डोलावली आणि कागदावर पुन्हा चारशेच लिहिलं.

तुला खेळ माहीत आहे. दर बुधवारी ग्रंथालयातल्या मुलांच्या खोलीत, चाळीस मिनिटं. बाकीचे बाहुले मोज्यांचे आहेत, ते डाव्या हातावर निभतात. मास्तर मात्र सदतीस मिनिटं पडद्याच्या वर असतात, म्हणजे माझा उजवा हातही असतो. गेलं वर्षभर मी दहाव्या मिनिटाला त्यांचं डोकं टेबलावर ठेवते आणि पडद्यामागून घोरते. पोरं खो खो हसतात. मास्तरांनी वर्गात झोपायचं असं खेळात कुठेही नाही, पण आता हसतात म्हटल्यावर कुणाला काय सांगणार.

तू तुझ्या कारखान्यात पोकळ वस्तू बनवतेस. तसे पोकळ मास्तर बनव. चारशेच्या आत बसले तर खेळ चालू, नाहीतर बंद. मधला रस्ता नाही.

एक गोष्ट नीट ध्यानात ठेव. मास्तरांना तेल, मेण, व्हॅसलीन असलं काही म्हणजे काही लागता कामा नये. रंग मऊ पडतो आणि बोटाला येतो. हे डोकं कोरलं तेव्हा तुझ्या आतोबांनी मला तीनदा बजावलं होतं, आणि एरवी तो माणूस एखादी गोष्ट एकदासुद्धा सांगायचा नाही. आता तेही नाहीत आणि तसं लाकूडही नाही. तेव्हा जपून.

पोचल्याचं लगेच कळव. आहे तो लोभ वापरात ठेव, गंजू देऊ नकोस.

तुझी,
आत्या

१२ मार्च

ती. आत्यास टिचकीचा साष्टांग नमस्कार.

मास्तर सुखरूप पोचले. उठवून बसवले. सध्या ते माझ्या कामाच्या टेबलावर, दोनशे खोट्या कलिंगडांच्या शेजारी बसले आहेत. ही कलिंगडं एका फळांच्या रसाच्या दुकानाने काचेमागे मांडायला मागवली आहेत. लोक विचारतात तू काय करतेस, तर मी पोकळ कलिंगडं करते. एम. ए. झाल्याचं मी हल्ली सांगत नाही.

काम सुटल्यावर कारखाना वापरायची परवानगी मालकांकडे मागितली. त्यांनी मास्तरांकडे बराच वेळ बघितलं आणि हे तुमच्या नात्यातले का, असं विचारलं. मी हो म्हटलं. त्यावर त्यांनी परवानगी दिली.

आता काम कसं चालतं ते सांगते, म्हणजे तुला घोर लागणार नाही. मास्तरांना मॉडेलिंगच्या मातीत कानापर्यंत रुतवून आडवं निजवलं आहे, फक्त चेहरा वर. भोवती प्लायवूडच्या चार भिंती. त्यात सिलिकॉन ओतलं, की ते दुसऱ्या दिवशी रबरासारखं घट्ट होतं. मग सगळं उलटं करायचं, माती काढायची आणि मागच्या बाजूने दुसरा अर्धा भाग ओतायचा. दोन्ही अर्धे उघडले, की आत मास्तरांच्या आकाराची पोकळी. त्या पोकळीत थोडंसंच रेझिन, म्हणजे पातळ प्लास्टिक, घालून ते घट्ट होईपर्यंत साचा हातात धरून सगळीकडे फिरवत राहायचं. रेझिन आतून भिंतींना लागत जातं, मधली जागा रिकामी राहते. असे चार हात झाले, की ताकदीसाठी आत फोम सोडायचा. संपलं.

चेहऱ्याकडचा अर्धा भाग झाला आहे. इतका सुरेख आला आहे, की आतोबांच्या पटाशीची कपाळावरची रेघसुद्धा त्यात उतरली आहे. तुझी आज्ञा तंतोतंत पाळते आहे. कारखान्यातला व्हॅसलीनचा डबा कपाटात बंद करून किल्ली मी मालकांच्या हवाली केली. उद्या दुसरा भाग ओतते.

मनगटाला शेक दे. तुझ्या मायेचा वाटा मला नेहमीसारखाच मिळत राहो.

तुझी,
टिचकी

१६ मार्च

ती. आत्यास सा. न. वि. वि.

सगळं उत्तम आहे. काळजी करू नकोस.

सहज विचारते, मास्तरांचा बाजूने काढलेला एखादा फोटो आहे का? नसला तर डावा कान ते नाकाचा शेंडा हे अंतर साधारण किती असावं? आणि डोळे कानांच्या रेषेत आहेत, की किंचित वर? घाई नाही. उलट टपाली कळवलंस तर बरं.

माया असू दे. या आठवड्यात जरा जास्तच असू दे.

टिचकी

१७ मार्च

ती. ताईस धाकट्या भावाचा नमस्कार.

तुला काही सांगायचं नाही, अशी टिचकीने मला शपथ घातली आहे. म्हणून सांगत नाही, लिहितो आहे.

मास्तर ठोकळ्यात आहेत. मी काल डोळ्यांनी पाहून आलो. हातभर लांबीचा पांढरा रबरी ठोकळा, वजन साडेपाच किलो, आणि आत मास्तर. ते कुठे तोंड करून आहेत हे बाहेरून कळायला मार्ग नाही. मी ठोकळा कानाला लावून पाहिला. त्याने काय होणार होतं ते मलाही माहीत नाही.

झालं ते असं. सिलिकॉन म्हणे जगात कशालाच चिकटत नाही. लाकडाला नाही, काचेला नाही, रंगाला नाही. ते फक्त सिलिकॉनला चिकटतं, आणि चिकटलं की दोघांचं एकच होऊन जातं. म्हणून दुसरा भाग ओतण्याआधी पहिल्याला व्हॅसलीन फासायचं असतं. हे तिच्या हाताखाली शिकणाऱ्यालाही ठाऊक असतं. पण मास्तरांना व्हॅसलीनचा स्पर्श नको असा तुझा हुकूम, आणि त्यामुळे डबा कपाटात, किल्ली मालकांच्या खिशात. मास्तरांना लावायचं नव्हतं, साच्याला लावायचं होतं. पोरीने तुझं ऐकलं ते इतकं ऐकलं, की स्वतःचा धंदा विसरली. माझं तिने आयुष्यात एक ऐकलेलं नाही.

चार दिवस ती नीट जेवलेली नाही. ठोकळा सुरीने कापायचा म्हणते आणि सुरी हातात घेऊन नुसती बसते. आत नाक कुठे आणि डोळे कुठे, हे कळल्याशिवाय कापणार कशी? तिच्या मालकांनी कापून देतो म्हटलं, तर तिने त्यांच्याकडे असं बघितलं की ते कलिंगडं मोजायला निघून गेले.

तू रागावणार असशील तर माझ्यावर रागव. मला सवय आहे.

माझ्यावरचा लोभ शिल्लक असेल तेवढा पुरे.

तुझा,
बाबू

२० मार्च

चि. टिचकीस आशीर्वाद.

बाबूने लिहिलं आहे. त्याच्यावर चिडू नकोस. त्याने चार दिवस कळ काढली, हाच त्याचा विक्रम आहे.

पत्र वाचून मला फार वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? मी उठून रिकाम्या खुंटीकडे दोनदा जाऊन आले. आतोबा गेल्यावर घरात रोज हाताला लागणारी त्यांची वस्तू ती एकच. तुझाही राग आला. मग तुझं बारा तारखेचं पत्र पुन्हा काढून वाचलं. त्यात किल्ली मालकांच्या हवाली केल्याचं तू लिहिलं होतंस, आणि ते वाचून मी त्या दिवशी खूश झाले होते. म्हणजे डबा तू बंद केलास, पण कुलूप माझंच. नव्वद मैलांवरून लोकांचे धंदे सांभाळायला जाते, दुसरं काय.

फोटो नाही. मास्तर कधी कुणाला बाजूने दिसलेच नाहीत, ते नेहमी पोरांकडे तोंड करून असतात. पण सव्वीस वर्षं ते माझ्या हातावर आहेत. सोबतच्या कागदावर मी माझा पंजा ठेवून पेन्सिलीने भोवती रेघ काढली आहे. तो कात्रीने काप. डाव्या कानाच्या पाळीवर अंगठा ठेवलास, की नाकाचा शेंडा मधल्या बोटाच्या टोकाला आणि वर एक नखभर. डोळे कानांच्या रेषेत नाहीत, अर्धं बोट वर आहेत, उजवा जरा जास्तच. आतोबांचं लक्ष नव्हतं. हनुवटीपासून मानेच्या दांड्यापर्यंत तर्जनीची दोन पेरं. दांड्याचं टोक तळाशी कुठे तरी बाहेर दिसतच असेल, तिथून मोजायला लाग.

आणि आता काप. बघत बसलीस म्हणून ते उघडणार नाही. नाक गेलं तर जाऊ दे, डोळे सांभाळ. बाबूला ठोकळा धरायला सांग, त्याला तेवढं येतं.

जेवत जा. या बाबतीत माझा हुकूम खुशाल तंतोतंत पाळ.

तुझी,
आत्या

३ एप्रिल

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

मास्तर बाहेर आले.

तुझा कागदी पंजा ठोकळ्यावर चारही बाजूंनी ठेवून पेनाने खुणा केल्या. मग कानांच्या रेषेवरून कापायला सुरुवात केली. सरळ नाही, नागमोडी कापलं, म्हणजे दोन्ही अर्धे पुन्हा एकमेकांत नेमके बसतील. बाबांनी ठोकळा मांडीत धरला होता. अडीच तास ते एक शब्द बोलले नाहीत. नंतर आईने त्यांना ताप तर नाही ना, हे हात लावून पाहिलं.

तुझी मापं बरोबर होती, चूक माझी. शेवटी ठोकळा उघडायची घाई झाली आणि सुरी बोटभर वर गेली. नाकाच्या शेंड्याचा एक टवका उडाला, तांदळाच्या दाण्याएवढा. तो काडेपेटीत घालून पाठवते आहे. रागव. डोळ्यांना मात्र धक्का नाही. आणि एक गंमत बघ, साच्यात नाक सबंध आहे. सुरी लागायच्या आधीच सिलिकॉनने ते उचललं होतं. त्यामुळे नव्या मास्तरांना पूर्ण नाक आहे आणि जुन्यांना नाही. बाबांनी यावर एक विनोद केला, तो मी लिहीत नाही.

पहिलं डोकं फुकट गेलं. फोम फुगतो तेव्हा त्याला बाहेर पडायला वाट लागते. मी मानेचं तोंड फार लवकर बंद केलं, आणि रेझिनचे हात तीनच झाले होते. मास्तरांना दोन्ही गालांना गालगुंड झालं. मालकांना ते आवडलं, त्यांनी मागून घेतलं आणि हिशेबाच्या कागदांवर ठेवलं.

दुसऱ्याला चार हात दिले, फोमला वाट ठेवली. आले. दांड्यासकट तीनशे बारा ग्रॅम. मी तीनदा तोललं, मग बाबांना तोलायला लावलं, मग मालकांना. कपाळावरची पटाशीची रेघ आहे, उजवा डोळा वर आहे, सगळं आहे. रंग मी दिलेला नाही. तो तू द्यायचास.

दोन्ही मास्तर एकाच खोक्यात, पाठीला पाठ लावून पाठवते आहे. फार हलके वाटले तर आत थोडं वजन घालता येईल, कळव.

तुझा विश्वास थोडा झिजला असेल, उरलेला माझ्याच नावावर ठेव.

तुझी,
टिचकी

२४ एप्रिल

चि. टिचकीस अनेक आशीर्वाद.

दोघेही पोचले. टवका मी चिकटवला. जुने मास्तर खुंटीवर आहेत, आणि वाकड्या नाकाने त्यांना मुळीच कमीपणा आलेला नाही.

नव्यांना रंग दिला आणि आरशासमोर तालमीला उभी राहिले, तर काय सांगू! हात जरा हलवला, की मान गर्रकन फिरायची. इतकी वर्षं शाळा चालवलेला माणूस चिमणीसारखा टुकूटुकू बघायला लागला. तुला वजन घालायला सांगणार होते, पत्राला सुरुवातही केली. मग लक्षात आलं, की मास्तर गंभीर होते ते लाकडामुळे, माझा त्यात काही हात नव्हता. आता तो गंभीरपणा मला करावा लागणार. आठ दिवस सकाळ-संध्याकाळ मान सावकाश वळवायला शिकले. या वयात शिकायला बरं वाटलं.

काल बुधवार होता. सदतीस मिनिटं मास्तर जागे होते. दहाव्या मिनिटाला ते झोपले नाहीत, तेव्हा पहिल्या रांगेतल्या एका मुलीने मोठ्यांदा आईला विचारलं, की मास्तरांना आज बरं नाही का. शेवटी ते हजेरी घेतात, समोरच्या एकेका पोराकडे मान वळवून बघतात. हा प्रवेश मी वर्षभर गाळला होता. काल घेतला. एकवीस पोरं होती. प्रत्येकाकडे त्यांनी बघितलं, आणि प्रत्येकाने हजर म्हटलं. मी पडद्यामागे हात वर तसाच ठेवून रडत होते. हात दुखत नव्हता म्हणून रडत होते.

आता तुला न सांगितलेली एक गोष्ट. मास्तरांना तुझ्याकडे पाठवलं त्याच दिवशी ग्रंथालयाच्या बाईंना मी सांगून आले होते, की एप्रिलनंतर खेळ बंद. हे जमेल असं मला वाटलंच नव्हतं. मास्तर तुझ्याकडे राहतील, तू त्यांना सांभाळशील, एवढाच माझा हिशेब. बाईंनी माझा बुधवार बुद्धिबळाच्या वर्गाला देऊनही टाकला होता.

काल खेळ संपल्याबरोबर मी तशीच त्यांच्या टेबलाशी गेले आणि माझा बुधवार परत मागितला. त्यांचं म्हणणं, वहीत शाईने लिहिलं गेलंय. मी म्हटलं खोडा. मग त्यांनी वही शोधली, चष्मा शोधला, बुद्धिबळवाल्यांना फोन लावला, ते गुरुवारला कबूल होईनात, मग झाले. या सगळ्यात वीस मिनिटं गेली. मास्तर माझ्या हातावर होते. वीसही मिनिटं ते खांद्याच्या वर होते, बाईंकडे बघत, आणि मी एकदाही हात बदलला नाही.

बाबूला आशीर्वाद सांग. पत्र पाठवत जा, आणि लोभ वाढवावासा वाटला तर हरकत नाही, आता उचलता येईल.

तुझी,
आत्या